पोटातला शेजार

मराठी घरांत पोटाविषयी बोलायला कोणाला संकोच वाटत नाही. ‘पोट साफ झालं का?’ हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबर वडीलधाऱ्यांना सहज विचारला जातो आणि त्याचे सविस्तर उत्तरही मिळते. त्रिफळा चूर्ण किती घ्यावे, इसबगोल पाण्यातून घ्यावे की दुधातून, यावर दोन ज्येष्ठ भेटले की अर्धा तास निघून जातो. मात्र त्याच पोटातून कधी रक्त गेले, तर हे सारे बोलणे एकाएकी थांबते. ‘मूळव्याध असेल’ असे मनाशी ठरवून माणूस तिखट कमी करतो, जेवणात ताक वाढवतो आणि घरात कोणाला काही सांगत नाही.

माझ्या यजमानांनी असेच पाच महिने काढले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, प्रत्येक गोष्टीची नोंद वहीत ठेवणारे हे गृहस्थ. पण ही नोंद त्यांनी कोठेच केली नाही. जिना चढताना धाप लागू लागली, म्हणून रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठच्या आसपास आले. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा रक्ताची गोष्ट बाहेर आली. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात कर्करोगाची गाठ सापडली. शस्त्रक्रिया झाली, पुढे सहा महिने केमोथेरपी झाली. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. त्याला आता चार वर्षे होत आली. आज ते बरे आहेत, सकाळी फिरायला जातात, भाजी निवडून देतात आणि ठरलेल्या तपासण्या नेमाने करून घेतात.

मला लिहायचे आहे ते त्या आजारपणात आमच्या घरात शिरलेल्या एका प्रश्नाविषयी. केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीनंतर एके दुपारी त्यांनी मला विचारले, “अगं, मी असं काय केलं होतं?” तंबाखू नाही, दारू नाही, मटण फक्त रविवारी. मग हे मलाच का, असा त्या प्रश्नाचा अर्थ होता. भेटायला येणाऱ्यांकडे उत्तरे तयार होती. कोणी म्हणाले, कालव्याच्या कामावर असताना बाहेरचे फार खाणे झाले. कोणी फ्रिजमधल्या शिळ्या अन्नाला दोष दिला. एका नातलगांनी ‘पोटातले चांगले जंतू मेले की कॅन्सर होतो’ असे ठामपणे सांगितले. पाठोपाठ पुण्याहून आमच्या मुलाने ‘चांगल्या जिवाणूंच्या’ कॅप्सूलचा डबा पाठवला.

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. दही लावणारे जंतू आणि पटकी पसरवणारे जंतू मी एकाच तासात फळ्यावर दोन रकान्यांत लिहीत असे. कर्करोग मात्र त्या तासाला कधी आला नव्हता. म्हणून मी वाचू लागले. आतड्यातले जिवाणू आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे नाते किती उलगडले आहे आणि त्यातले आपल्यासारख्या, रुग्णाजवळ बसणाऱ्या माणसांच्या उपयोगाचे काय, एवढेच मला पाहायचे होते.

प्रथम या शेजाऱ्यांची ओळख. आपल्या शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असे वाक्य मी वर्षानुवर्षे वाचत आले होते. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील शास्त्रज्ञांनी हा हिशेब नव्याने मांडला. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि स्वतःच्या सुमारे ३० लाख कोटी पेशी, असा जवळपास बरोबरीचा हिशेब निघाला. या सगळ्या जिवाणूंचे वजन मात्र अवघे २०० ग्रॅम. त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात असते. जठरातल्या आम्लात फारसे कोणी टिकत नाही, लहान आतड्यातून अन्न भराभर पुढे सरकते. मोठ्या आतड्यात मात्र उरलेसुरले अन्न दिवस-दोन दिवस मुक्काम करते आणि तेथे प्राणवायूही जवळजवळ नसतो. अशा जागी राहणे या जिवाणूंना मानवते.

ते तेथे फुकट राहत नाहीत. धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांच्या शिरा हा सारा चोथा पचवण्याची सोय आपल्या शरीरात नाही. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून काही लहान आम्ले तयार होतात. त्यांतले ब्युटिरेट हे सर्वांत महत्त्वाचे, कारण मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे ते मुख्य इंधन आहे. आपण जिवाणूंना चोथा द्यावा आणि त्यांनी आतड्याला इंधन द्यावे, अशी ही देवाणघेवाण आहे. चोथा मिळेनासा झाला तर काय होते, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. उपाशी जिवाणू आतड्याच्या अस्तरावरील बुळबुळीत संरक्षक थरच खाऊ लागतात.

हे अस्तर सतत झिजते आणि चार-पाच दिवसांत नवे होते. पेशी इतक्या वेगाने विभागत असल्या की त्यांच्या जनुकांची नक्कल उतरवताना कधीतरी चूक होते. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करते. काही राहून जातात, साठतात आणि एखाद्या जागी अस्तरावर लहानसा मांसल कोंब फुटतो. त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. बहुसंख्य पॉलिप आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. थोड्यांचे रूपांतर कर्करोगात होते आणि त्याला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. ही दहा वर्षे लक्षात ठेवावीत, कारण पुढे त्यांचेच काम आहे.

आता जिवाणूंचा संबंध कोठे येतो? पहिला धागा अगदी अनपेक्षित जागी, हृदयात सापडला. हृदयाच्या झडपेला जिवाणूंचा संसर्ग झालेल्या एका रुग्णाला मोठ्या आतड्याचा कर्करोगही असल्याची नोंद १९५१ मध्ये अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी केली. पुढे १९७७ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस नावाच्या जिवाणूचा पद्धतशीर शोध घेतला गेला. मोठ्या आतड्याचा कर्करोग असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या शौचात तो आढळला; इतरांत तो दहांतल्या एकाकडेच होता. म्हणूनच आज एखाद्या ज्येष्ठाच्या रक्तात किंवा हृदयाच्या झडपेवर हा जिवाणू सापडला, तर डॉक्टर कोलोनोस्कोपीही करायला सांगतात. ‘दुखणं हृदयाचं आणि तपासणी पोटाची कशाला?’ असे वाटून ती टाळू नये.

दुसरा धागा तोंडात सापडला. फ्युझोबॅक्टेरियम न्युक्लिएटम हा जिवाणू दातांभोवती राहतो आणि हिरड्यांच्या रोगात बळावतो. २०११ च्या अखेरीस अमेरिका आणि कॅनडा येथील दोन स्वतंत्र गटांनी एकाच सुमारास दाखवून दिले की, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत हा जिवाणू शेजारच्या निरोगी भागापेक्षा कितीतरी अधिक असतो. बोस्टनच्या संशोधकांना २०१७ मध्ये तो यकृतात पसरलेल्या गाठींतही आढळला. म्हणजे मूळ गाठीबरोबर त्यानेही प्रवास केला होता. २०२४ मध्ये सिॲटल येथील गटाने सुमारे दोनशे गाठी तपासल्या. या जिवाणूची एक विशिष्ट उपजात त्यांतल्या जवळपास निम्म्या गाठींत होती आणि जठरातले आम्ल सोसण्याची क्षमता तिच्यात दिसली. तोंडातला रहिवासी आतड्यापर्यंत कसा पोहोचत असेल, याचा त्यातून अंदाज येतो.

येथे मात्र विज्ञानाच्या जुन्या शिक्षिकेने थांबून विचारले पाहिजे. गाठ झाली म्हणून जिवाणू तेथे आले, की जिवाणू आले म्हणून गाठ झाली? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी, तसे तर नाही? प्रयोगशाळेत या जिवाणूचे एक प्रथिन आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांच्या वाढीला चालना देते, असे दिसले आहे. मानवी गाठी रुजवलेल्या उंदरांना मेट्रोनिडाझोल दिल्यावर त्या गाठींची वाढ मंदावल्याचेही २०१७ च्या त्याच अभ्यासात आढळले. म्हणजे हा कावळा नुसता बसलेला नाही, फांदी वाकवण्यात त्याचा हात आहे, असे मानायला आधार आहे. पण फांदी आधी कोणी कुरतडली होती, हे यावरून ठरत नाही.

मेट्रोनिडाझोल हे नाव जुलाबाच्या गोळ्यांमुळे आपल्या घरांत परिचित आहे, म्हणून एक सूचना येथेच करते. उंदरांवरचा प्रयोग वाचून कोणीही स्वतःच्या मनाने प्रतिजैविक घेऊ नये. स्वीडनमध्ये मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेल्या सुमारे चाळीस हजार लोकांच्या औषधांच्या नोंदी २०२१ मध्ये अभ्यासल्या गेल्या. ज्यांनी एकूण सहा महिन्यांहून अधिक काळ प्रतिजैविके घेतली होती, त्यांच्यात मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील कर्करोगाचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. त्यावरून प्रतिजैविकांनीच कर्करोग होतो असे सिद्ध होत नाही आणि न्यूमोनियात डॉक्टरांनी दिलेले औषध टाळावे असाही त्याचा अर्थ नाही. सर्दी-पडशासाठी औषधाच्या दुकानातून उगाच पट्टी आणू नये, इतकाच बोध आपण घ्यावा.

तिसरा धागा सर्वांत विलक्षण आहे. ई. कोलाय हा आपल्या सगळ्यांच्या आतड्यातला जुना रहिवासी, बहुतेक वेळा निरुपद्रवी. मात्र त्याच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचे विष तयार करतात आणि ते थेट पेशीच्या डीएनएला इजा करते, हे फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवले. २०२० मध्ये नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने प्रयोगशाळेत मानवी आतड्याच्या पेशींचे चिमुकले गोळे वाढवले आणि पाच महिने ते या जिवाणूच्या सहवासात ठेवले. त्या पेशींच्या डीएनएवर एक ठरावीक नमुन्याची मोडतोड झाली. तसाच नमुना पुढे काही रुग्णांच्या गाठींतही सापडला. कागदावर बोटाचा ठसा राहावा, तसा हा जिवाणूचा ठसा होता.

२०२५ मध्ये ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळिशीच्या आत कर्करोग झालेल्यांच्या गाठींत हा ठसा सत्तरीनंतरच्या रुग्णांपेक्षा तिपटीहून अधिक वेळा आढळला. हे ठसे बहुधा आयुष्याच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. ज्या वयात मूल पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाते, त्या वयात!

हे मी यजमानांना वाचून दाखवले. तुमच्या गाठीत असा ठसा होता की नव्हता, हे कोणी तपासलेले नाही, असेही सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कालवा फुटला की चौकशी होते. त्या दिवशी ड्यूटीवर जो असेल, त्याचं नाव अहवालात येतं. गळती मात्र दहा वर्षांची असते.” त्या दिवसानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. वय, घराण्याचा वारसा, वजन, हालचाल, आहार, व्यसने, जिवाणू आणि निव्वळ योगायोग, अशा अनेक धाग्यांनी हा रोग विणला जातो. त्यातला एक धागा ओढून ‘हे तुझ्यामुळे झाले’ असे रुग्णाला सांगणे शास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही नाही. भेटायला जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी रुग्णाचे मन पुष्कळ हलके होईल.

मग आपल्या हाती काहीच नाही का? आहे, आणि त्यातले बरेचसे स्वयंपाकघरात आहे. डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने युगांडात अनेक वर्षे काम केले. आफ्रिकेच्या खेड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग क्वचितच दिसतो आणि तेथील लोकांच्या आहारात चोथा भरपूर असतो, या दोन गोष्टींची सांगड त्याने १९७१ मध्ये घातली. त्यातील जिवाणूंचा वाटा पुढे स्पष्ट झाला. २०१५ मध्ये स्टीफन ओकीफ आणि सहकाऱ्यांनी एक साधा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे वीस आफ्रिकी-अमेरिकी लोक आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले वीस लोक यांच्या आहाराची दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केली. अमेरिकेतल्या मंडळींना रोज सुमारे ५५ ग्रॅम चोथा असलेले आफ्रिकी जेवण मिळाले. खेड्यातल्या मंडळींना मांस आणि स्निग्ध पदार्थ भरपूर असलेले अमेरिकी जेवण. चौदा दिवसांत पहिल्या गटाच्या आतड्यातील ब्युटिरेट अडीच पट झाले, अस्तराचा दाह कमी झाला, पेशींची अवाजवी वाढ मंदावली. दुसऱ्या गटात नेमके उलटे घडले. दोन आठवड्यांत कोणाचा कर्करोग टळला, असे यातून म्हणता येत नाही; पण आतड्यातले वातावरण ताटाबरोबर किती लवकर बदलते, हे दिसले.

या दृष्टीने आपल्या जुन्या ताटाकडे पाहावे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बाजरीत आणि नाचणीत सुमारे ११, गव्हाच्या न चाळलेल्या पिठातही जवळपास तेवढाच. सडलेल्या पांढऱ्या तांदळात मात्र तो तीन ग्रॅमही भरत नाही. सालासकट मूग, मटकी, हरभरा यांत तो आणखी अधिक. प्रौढांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे खावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, पालेभाजी आणि एखादे फळ इतके जेवण त्या आकड्याच्या आसपास सहज पोहोचते. त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले आहे. नातवंडांबरोबर मागवलेल्या पिझ्झावरही तेच असते, हे आजी-आजोबांनी ध्यानात घ्यावे.

मात्र एक भेद काळजीवाहकांनी कटाक्षाने पाळावा. निरोगी माणसाचा आहार आणि नुकतीच आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा आहार एक नव्हे. शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे डॉक्टरांनी आम्हाला मुद्दाम कमी चोथ्याचा आहार सांगितला होता: मऊ भात, मुगाच्या डाळीचे वरण, साल काढून शिजवलेला दुधी. केमोथेरपीत जुलाब होत तेव्हाही तेच. पुढे परवानगी मिळाल्यावर मी हळूहळू वाढवत गेले. आधी नाचणीची आंबील, मग ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, त्यानंतर मऊ शिजवलेली मुगाची उसळ. एकदम चोथा वाढवला तर पोट फुगते, कळा येतात आणि पुरेसे पाणी पोटात गेले नाही तर बद्धकोष्ठ वाढते. ज्यांचे आतडे अरुंद झाले आहे, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही वाढवू नये.

राहिला तो कॅप्सूलचा डबा. मुलाने मायेने पाठवलेली वस्तू बाजूला ठेवणे अवघड होते. पण केमोथेरपी चालू असताना ती यजमानांना देण्यापूर्वी मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी मनाई केली. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना एरवी निरुपद्रवी असलेले जिवाणूही रक्तात शिरून त्रास देऊ शकतात, हे त्यांचे कारण. प्रतिजैविकांनंतर अशा कॅप्सूल घेतल्या की बिघडलेले जिवाणू-विश्व लवकर सावरते, हा समजही २०१८ मध्ये वाइझमन संस्थेच्याच अभ्यासाने डळमळीत केला. कॅप्सूल घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जिवाणू परतायला उलट अधिक वेळ लागला. मोठ्या आतड्याचा कर्करोग टाळणारी जिवाणूंची कॅप्सूल आज उपलब्ध नाही. काही ठरावीक आजारांत डॉक्टर अशी औषधे देतात, ती अवश्य घ्यावीत. घरचे ताजे ताक हा अन्नाचा भाग आहे, पचत असेल तर ते आनंदाने प्यावे. पण त्याला औषध समजू नये. हिरड्यांचेही तसेच. दात-हिरड्या निरोगी ठेवल्याने कर्करोग टळतो, असे अजून सिद्ध झालेले नाही. तरीही नीट चावता येणे, रक्तातील साखर आटोक्यात राहणे यांसाठी वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जाणे लाभाचेच आहे. कवळी रात्री काढून स्वच्छ करावी, हेही त्यातच आले.

जिवाणूंविषयी इतके वाचल्यावर माझ्या मनात सर्वांत पक्की बसलेली गोष्ट मात्र तपासणीची आहे. पॉलिपपासून कर्करोगापर्यंतची ती दहा वर्षे हीच आपली संधी. त्या काळात पॉलिप सापडला, तर कोलोनोस्कोपी करतानाच तो काढून टाकता येतो आणि पुढचा आजार टळतो. जगात दरवर्षी सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग होतो आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावतात. आपल्याकडे त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी असले, तरी रुग्ण पुष्कळदा उशिरा डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. भारतातील राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी होते, आतड्याची नाही. त्यामुळे ही जबाबदारी कुटुंबालाच घ्यावी लागते.

रुग्णाची भावंडे आणि मुले यांनी चाळिशीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासणी सुरू करावी. रुग्ण साठीच्या आत आजारी पडला असेल तर आणखी काटेकोरपणे. आमचा मुलगा तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. वडिलांना कॅप्सूल पाठवणारा हा मुलगा स्वतःची तपासणी मात्र दोन वर्षे पुढे ढकलत होता. “आई, मला काही त्रासच नाही,” असे म्हणे. शेवटी यजमानांनीच त्याला फोन केला. म्हणाले, “बाळ, त्रास मलाही नव्हता. होता तो मी सांगितला नाही. तू निदान डबी तरी देऊन ये.” डबी म्हणजे शौचाच्या नमुन्याची. त्यातले डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधणारी तपासणी सोपी असते आणि ती घरूनही देता येते. मुलाच्या नमुन्यात रक्ताचा अंश निघाला. अशा वेळी तीच चाचणी पुन्हा करून मनाचे समाधान करून घेऊ नये. पुढची पायरी कोलोनोस्कोपीच. ती झाली आणि दोन लहान पॉलिप निघाले. दोन्ही तेव्हाच काढले. एकाच्या अहवालात पुढे बिघडण्याची शक्यता असलेल्या जातीचा उल्लेख होता. आता त्यालाही ठरावीक काळाने तपासणीस जायचे आहे आणि तो जाईल, कारण तारीख त्याच्या वडिलांच्या वहीत लिहिलेली आहे.

पंचाहत्तरी ओलांडलेल्या, काहीही लक्षण नसलेल्या व्यक्तीची अशी तपासणी करावी की नाही, हे तिची प्रकृती पाहून डॉक्टरांशी बोलून ठरवावे. पण लक्षण दिसले तर वयाचा प्रश्नच नाही. शौचातून रक्त, शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकून राहिलेला बदल, कारण नसताना कमी होणारे वजन, उतारवयात कमी झालेले हिमोग्लोबिन, पोटात सतत राहणारी कळ, यांपैकी काहीही आढळले तर मूळव्याध गृहीत धरू नये. मूळव्याध आधीपासून असली तरी धरू नये. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. सांभाळणाऱ्यांनी हे आपणहून विचारावे. वडीलधारी माणसे न विचारता सांगत नाहीत, आणि विचारताना आवाज चहाविषयी विचारतो तितकाच साधा असावा.

पुढच्या महिन्यात यजमानांची ठरलेली कोलोनोस्कोपी आहे. आदल्या दिवशी आतडे धुऊन काढणारे ते खारट-गोड पाणी प्यायचे, म्हणून आतापासूनच त्यांची कुरकुर सुरू झाली आहे. काल मला म्हणाले, “या औषधानं तुझे सगळे शेजारी वाहून जातील की गं!” मी सांगितले, “काही आठवड्यांत परत येतात. तसं वाचलंय मी.” त्यांनी वही उघडली, तपासणीच्या तारखेपुढे ‘नंतर भाकरी, उसळ’ असे लिहिले आणि वही मिटून ते फिरायला निघून गेले.